नारळाच्या पाण्याचा डाग

मी खोळ बोलतेय. शाळेच्या कंपुटरची खोळ. जन्मकथा मागून सांगते, आधी तक्रार ऐका. माझ्या शिवकांताचं कुणी खरं मानलं नाही. ती घसा फोडून सांगत होती, "नारळाचं पाणी आत गेलं हो!" आणि गाव म्हणत होतं, लेकीला वाचवायला आई काहीबाही बोलून राहिली.

तसं पाहिलं तर मी जन्माची चादर. निळ्या फुलांची. भूकंपाच्या साली मदतीच्या ट्रकमधून आले आणि शिवकांताच्या पदरात पडले. तेव्हा ती पोटुशी होती आणि पत्र्याच्या शेडात राहत होती. थंडीत शिल्पा झाली. पहिल्या दिवशी ती माझ्यातच गुंडाळली होती, म्हणून त्या पोरीवर माझा जीव जरा जास्तच आहे. लपवत नाही.

बारा वर्षांनी नव्या गावठाणातल्या शाळेला एका संस्थेनं कंपुटर दिला. त्याला खोळ पाहिजे होती. शिवकांताकडं मुरुडहून, माहेरून आणलेली शिलाई मशीन. चौथी शिकलेली बाई, पण माप एकदाच घेते. मला कापलं, दुमडलं, नाडी लावली. मी खोळ झाले.

मान तर एवढा, की विचारू नका. चपला उंबऱ्याबाहेर. लेकरं दारातून बघायची. शनिवारी गुरुजी मला काढायचे, बटण दाबायचे, उजेड दाखवायचे आणि पुन्हा मला घालायचे. हात लावायचा नाही. शाळा समितीचे अध्यक्ष हणमंतराव तर त्याला सरस्वतीमाय म्हणायचे. भला माणूस. शेडाच्या दिवसांत स्वतःच्या घरातलं दूध शिल्पाला देणारा. शिवकांता त्यांना मामा म्हणते, ती उगाच नाही.

खंडेनवमीला पूजा झाली. हार घातला, कुंकू लावलं, हणमंतरावांनी टेबलाच्या कडेवर नारळ फोडला आणि सगळं पाणी भक्तीनं माझ्या डोक्यावर ओतलं. मला काढायचं कुणाला सुचलं नाही. धूळ बसेल ना! मी कापूस. किती पिणार? उरलेलं खाली डब्यात उतरलं.

शिवकांता दारातच होती. "मामा, पुसा आधी," असं ती तेव्हाच म्हणाली. आरतीत कुणाला ऐकू आलं नाही.

दसऱ्यानंतर शाळा उघडली. गुरुजींनी पहिल्यांदाच एका लेकराला बटण दाबायला सांगितलं. पहिला नंबर शिल्पाचा. तिनं दोनदा फ्रॉकला हात पुसले आणि बटण दाबलं. फट्ट! धूर निघाला. पोरगी बोट तोंडात घालून उभी राहिली. तालुक्याला पाठवायच्या कागदावर 'बिघाडास कारणीभूत' या रकान्यात गुरुजींनी तिचं नाव लिहिलं. तिला त्या खोलीत पाय ठेवायची बंदी झाली.

शिवकांतानं मला घरी नेलं. धुतलं मात्र नाही. घडी करून फळीवर ठेवलं.

रविवारी पालकांची बैठक भरली. कंपुटर ठेवायचा की संस्थेला परत करायचा?

"परत करा," हणमंतराव म्हणाले. "लातुरात जाऊन बघा. जो तो लेकराला ट्यूशनला घालून राहिला. बोर्डात नंबर पाठांतरानं येतो, या डब्यानं न्हाई."

नागप्पा उठला. "अन् तहसिलीत काय हाय? डबाच हाय न्हवं? आपली लेकरं तिथं जाऊन काय, हार घालत्याल?"

"डोळे जात्यात म्हनं," गंगम्मा म्हणाली. "माझा नातू त्यात गाड्याच पळवंल."

"पळवू दे की!" नागप्पा म्हणाला. "तुमचा नातू गल्लीत बैलगाडीचं चाक पळवतो, त्यानं काय दिवे लावले?"

लोक हसले. शिवकांता हसली नाही. ती उभी राहिली.

"ठेवा न्हाईतर द्या. पण ठेवायचा तर लेकरांच्या हातात द्या. खोळीखाली ठेवून काय अंडी उबवायची हायती? लातूरची लेकरं पुढं गेली म्हनून बोंबलता, अन् आपल्याला बोट लावू देत न्हाई. एकदा लावलं, तर तिलाच चोर केलं!"

"बाई, यंत्र तुझ्या लेकीच्या हातानं गेलं," हणमंतराव म्हणाले. "देवाच्या पाण्यानं कुठं बिघडत असतंय व्हय?"

तिनं मला जाजमावर पसरलं. भर उन्हात, सगळ्यांसमोर. माझ्या मधोमध तो डाग, पापडासारखा कडक झालेला, भोवती कुंकू. आणि डागावर मुंग्यांची रांग.

हणमंतराव वाकले. डागावर बोट घासलं, जिभेला लावलं. सगळी बैठक त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"गोड हाय," ते पुटपुटले.

"मामा," शिवकांता हळू आवाजात म्हणाली, "मी त्याच दिशी म्हनले व्हते, पुसा म्हनून."

"म्हनली असशील, बाय. मी ऐकलं न्हाई." त्यांनी पागोटं सारखं केलं. "शिल्पे, इकडं ये. गुरुजी, तो कागद आना."

डबा दुरुस्तीला लातूरला गेला आणि परत आला. आता चपला आतच असतात, बटणाला रोज वेगळं बोट लागतं. मला कुणी वर घालत नाही. शिल्पा मला खाली अंथरते आणि चार पोरींना माझ्यावर बसवून शिकवते. डाग गेला नाही. जाऊ नये. माझं एवढंच मागणं आहे : लेकरांसाठी आणलेली वस्तू पूजेत झाकून ठेवू नका, आणि ओरडणाऱ्या बाईचं एकदा तरी ऐका.

त्या कागदाची नक्कल शाळेच्या कपाटात आहे. शिल्पाच्या नावावर आडवी रेघ आहे. खाली, त्याच रकान्यात, म्हाताऱ्या हातानं, स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : हणमंतराव.