गुडघ्यापुरती प्रार्थना

बाइंडरकाका चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहिले, की शहाणी माणसं आधी नीट टेकून बसत. काकांची प्रार्थना लांब असे हे खरं, पण लांबीचं कुणाला एवढं वाटत नसे. धास्ती असे ती वेगळीच. काका प्रार्थनेतून माणसांना झापत. "हे प्रभो, ज्यांना उपासनेला वेळेवर येणं जमत नाही, पण लग्नाच्या जेवणाला सगळ्यांच्या आधी पोचणं जमतं, त्यांना सुबुद्धी दे," असं ते म्हणाले, की अख्ख्या मंडळीचे मिटलेले डोळे नेमके कुणाकडे वळले ते त्या माणसाला बरोबर कळे. आणि उलट उत्तराची सोय नाही. प्रार्थना चालू असताना मधेच तोंड कोण उघडणार? देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडायची ही कला काकांनी वर्षानुवर्षं घोटली होती.

एरवी माणूस सोन्यासारखा. पुस्तकं बांधायचं छोटंसं दुकान, पुठ्ठ्यांच्या चळती, दारातूनच येणारा खळीचा वास. चर्चमधली गीतांची फाटकी पुस्तकं ते कुणी न सांगता उचलून आणत आणि शिवून पुन्हा जागेवर ठेवत. कुणाच्या घरी दुखणं आलं, तर पाळकांच्या आधी काका दारात. फक्त डोळे मिटले, की त्यांच्या जिभेला हाड राहत नसे.

बायको गेल्यावर घरात उरली एकुलती एक लेक. तिला परदेशात बस चालवायची नोकरी लागली, तेव्हा तिच्या निरोपाच्या सभेत काका उभे राहिले. "हे पित्या, म्हाताऱ्या बापाला एकटं टाकून जाणाऱ्या लेकरांची मनं तूच वळव," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले, आणि पुढे बराच वेळ म्हणतच राहिले. लेकीने ती प्रार्थना उघड्या डोळ्यांनी ऐकली. पाळकांनी ते पाहिलं, कारण त्यांचेही डोळे उघडेच होते. मग ती गेली.

फोन दर आठवड्याला येई. हवापाण्याच्या गप्पा होत. पण "चल, ठेवण्याआधी तुझ्यासाठी प्रार्थना करतो," असं काकांनी म्हटलं, की तिकडे नेमकं दूध उतू जायला लागे. इतक्या वर्षांत तिने बापाला एकदाही स्वतःसाठी प्रार्थना करू दिली नव्हती. काकांना हे फार लागलं होतं. बापाने लेकीसाठी देवाकडे मागायचं नाही, तर मग कुणी मागायचं? आपलं काय चुकलं, ते मात्र त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

तिनेच तिकीट पाठवलं, तेव्हा काका अडून बसले. दुकान कोण बघणार, झाडांना पाणी कोण घालणार, परक्या मुलखात आपलं काय काम. शेवटी पाळक समजवायला आले.

"काका, जाऊन या. अब्राहामालासुद्धा देवाने आधी घर सोड म्हटलं. बाकीचं सगळं मागाहून सांगितलं."

"त्याला वचन मिळालं होतं. मला काय मिळणार आहे?"

"ते इथे बसून कसं कळेल?" पाळक म्हणाले. "आणि तो पंचाहत्तर वर्षांचा होता. तुम्ही त्याच्यापुढे तरणेबांड आहात."

काकांनी बॅग भरली. मंडळीने त्यांना निरोप दिला तो इतका मनापासून, की काकांना किंचित संशय आला.

विमानात त्यांनी एकच काम केलं. एक प्रार्थना जुळवली. पहिल्याच जेवणाला म्हणायची. तिच्या आईची आठवण, रिकामं घर, एकट्याचं ताट, म्हातारपणाची काठी, सगळं तिच्यात होतं. ऐकून पोरीने उठावं आणि तशीच बॅग भरायला घ्यावी, अशी जय्यत प्रार्थना.

पण लेकही काकांचीच. तिचं बिऱ्हाड म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालच्या यंत्रांची ऊब आणि साबणाचा वास जिन्यातून वर येई. खुर्चीच्या पाठीवर तिचा गणवेशाचा कोट, टेबलावर सूप आणि पाव. काकांनी खुर्ची सरकवली, डोळे मिटले, घसा खाकरला. तेवढ्यात ती म्हणाली, "प्रभू, या अन्नासाठी तुझे आभार, आमेन," आणि काकांनी डोळे उघडले तेव्हा तिचा पहिला घास पोटात गेलेला होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकांनी खाकरणं सोडून थेट सुरुवात करून पाहिली, तर हिचं आमेन आधीच झालेलं.

रविवारी ती त्यांना तिच्या चर्चला घेऊन गेली. काका सदरा कडक इस्त्री करून निघाले आणि पोचले ते एका शाळेच्या व्यायामशाळेत. छताला लोंबणारे दोर, कोपऱ्यात जाळीत भरलेले चेंडू, जमिनीवर खेळाच्या रेघा. लोक स्वतःच घडीच्या खुर्च्या उलगडून मांडत होते. काकांच्या हातातही कुणीतरी दोन खुर्च्या दिल्या. आपल्या चर्चच्या बाकांना वर्षानुवर्षं पाठ लावून बसलेल्या माणसाला हे देवाचं घर वाटेना. पण गाणं सुरू झालं आणि त्यातली एक चाल ओळखीची निघाली. शब्द कळत नव्हते, तरी काका मराठीतून गायले. कुणाचं काही बिघडलं नाही.

मग प्रार्थनेची वेळ आली. इथली रीत अशी, की प्रत्येकाने शेजाऱ्याकडे वळायचं आणि विचारायचं, तुझ्यासाठी काय मागू? तो सांगेल तेवढंच मागायचं. पदरचं काही घालायचं नाही. काकांच्या वाट्याला आला एक प्लंबर, दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल एवढा माणूस. त्याची भाषा काकांना येत नव्हती, काकांची त्याला. मधे दुभाषी म्हणून लेक बसली.

"तो म्हणतोय, गुडघा दुखतो. वाकून काम करता येत नाही. गुडघ्यासाठी मागा."

काकांना हुरूप आला. आठवडाभर तुंबलेली प्रार्थना ती. त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात केली, गुडघे टेकायला विसरलेल्या पिढीवर आले, तिथून पैशामागे देशोदेशी धावणाऱ्यांवर, आणि "हे प्रभो, ज्या लेकी बापाला दुधातली माशी समजून बाजूला काढून टाकतात" इथपर्यंत पोचले. आजूबाजूच्या जोड्यांच्या प्रार्थना केव्हाच आटपल्या होत्या. सगळी व्यायामशाळा अदबीने काकांसाठी थांबली होती.

आमेन झाल्यावर प्लंबरने लेकीला काहीतरी विचारलं. तिने अगदी थोडक्यात उत्तर दिलं.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"एका गुडघ्याला एवढे शब्द लागतात का तुमच्या भाषेत, असं विचारतोय."

"तू काय सांगितलंस?"

"लागतात म्हटलं."

मग प्लंबरने काकांना विचारलं, तुमच्यासाठी काय मागू? काका म्हणाले, काही नको, देवाने सगळं दिलंय. लेकीने तेही सांगितलं. प्लंबरने मान हलवली. काही नको म्हणणाऱ्यासाठी काही मागता येत नाही, ही तिथली दुसरी रीत. तो नुसता काकांच्या खांद्यावर आपला जड हात ठेवून, डोळे मिटून गप्प बसून राहिला. काकांना त्या हाताखाली बसवेना. शांततेची सवयच नव्हती.

 घरी परतल्यावर जिना चढता चढता लेक एवढंच म्हणाली, "त्याने गुडघ्यासाठी सांगितलं होतं, पप्पा."

काका त्या वाक्यापाशी अडकले. ती कामावर गेली, की ते खिडकीत बसत आणि मनाशी भांडत. मी काय वाईट मागितलं? मग एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं, की त्या अख्ख्या व्यायामशाळेत त्यांचं बोलणं कळणारं माणूस एकच होतं. देवाला तर न बोलताही कळतं. म्हणजे एवढं सगळं ते बोलले कुणाला? आपल्या चर्चमध्ये एवढ्या माणसांत हे कधी लक्षात आलं नसतं. तिथे दहा जण हुंकार भरत, दोघं आमेन म्हणत, आणि काकांना वाटे देव ऐकतोय. परदेशात हुंकार भरायला कुणी नव्हतं, म्हणून काकांना स्वतःचं बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं. ते ऐकून त्यांना बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "चला, आज माझ्या बसमधून फिरा. पण चालकाशी बोलायचं नाही, नियम आहे." दारापाशीच तशी पाटी होती. काका पहिल्या बाकावर बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तोंडाला कुलूप लावून लेकीकडे बघत राहिले. एवढा वेळ न बोलता तिच्याकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. काठी टेकत चढलेल्या म्हाताऱ्याला जागेवर बसू दिल्याशिवाय ती बस हलवत नव्हती. मागून एक जण घड्याळ दाखवून कुरकुरला, तरी नाही. उतरताना लोक तिचे आभार मानत होते, आणि ती प्रत्येकाला मान लवून उत्तर देत होती. एवढं धूड ती अशी वळवत होती, की काकांच्या मांडीवरची पिशवीसुद्धा कलंडली नाही. आणि बस रिकामी झाल्यावर ती गुणगुणत होती. तिची आई सुईत दोरा ओवताना जे गीत गुणगुणायची, तेच.

पोर सुखात होती. काकांना याचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि वाईट का वाटावं याची लाज वाटली. विमानात जुळवलेली ती प्रार्थना त्यांनी मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली. रिकामं घर त्यांचं, एकट्याचं ताट त्यांचं, काठीही त्यांचीच. लेकीसाठी म्हणून रचलेल्या प्रार्थनेत लेक कुठेच नव्हती.

पुढच्या रविवारी प्लंबर स्वतःहून शेजारी येऊन बसला. या वेळी त्याने आधी काकांना विचारलं. लेकीने भाषांतर केलं, "तुमच्यासाठी काय मागू, म्हणतोय." उत्तर काय येणार हे तिला ठाऊकच होतं, ती पुढे सांगायला तोंड उघडूनच बसली होती.

काका जमिनीवरच्या रेघांकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, माझी लेक माझ्या प्रार्थनेला भिते. चूक माझी आहे. मी डोळे मिटून तिला मारत आलो. तिची भीती जावी आणि माझी खोड जावी, एवढं माग म्हणावं."

 प्लंबर वाट बघत होता. आजूबाजूला कुजबुजत प्रार्थना चालल्या होत्या. शेवटी लेकीने सांगायला सुरुवात केली, मधेच अडखळली, नाक पुसलं, आणि पुरतं सांगितलं. स्वतःबद्दलचं असून एक शब्द गाळला नाही. प्लंबरने तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवून चार वाक्यं बोलला.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेवढंच," लेक म्हणाली.

मग काकांनी त्याच्या गुडघ्यासाठी मागितलं. या वेळी गुडघ्यापाशीच थांबले. प्लंबर दचकून डोळे उघडून बघायला लागला, झाली का म्हणून.

त्या संध्याकाळी टेबलावर सूप आलं, पाव आला. काका हात मांडीवर ठेवून तिच्या आमेनची वाट बघत बसले. ते येईना. त्यांनी वर पाहिलं, तर ती त्यांच्याकडे बघत होती. चमचा उचललेला नव्हता.

काकांचे डोळे सवयीने मिटायला लागले. ते त्यांनी उघडे ठेवले आणि विचारलं, "बाळ, तुझ्यासाठी काय मागू?"

ती म्हणाली, "मला इथे आवडतं, पप्पा. फार आवडतं. आणि आवडलं, की लगेच तुमचं काही चोरल्यासारखं वाटतं. तसं वाटू नये, एवढं मागा."

काका तिला परत न्यायला आले होते, आणि ती नेमकं त्याच्या उलट देवाकडे मागायला सांगत होती. त्यांनी डोळे मिटले. "पण प्रभो" असं एक वाक्य ओठांवर येऊन बसलं होतं. ते त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं.

"प्रभो, माझ्या लेकीला इथे आवडतं. त्यात तिने कुणाचं काही चोरलेलं नाही. हे तिला कळू दे. आमेन."

"आमेन," लेक म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते आणि गालावरून पाणी येत होतं. काकांनी पावाचा तुकडा मोडून तिच्या ताटात ठेवला आणि उगाचच सूप ढवळलं. इतकी लहान प्रार्थना त्यांनी आयुष्यात केली नव्हती, आणि एवढं हलकंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी काय मागू?"

काका विचार करून म्हणाले, "परत निघताना विमानतळावर मला रडू येऊ नये, एवढं माग. चार लोकांत बरं दिसत नाही."

"ते नाही मागणार मी," लेक म्हणाली. "मागच्या वेळी, मी निघाले तेव्हा, मला तुमचं ते रडूच हवं होतं."