खोवणीचं हँडल

नोएडाच्या सेक्टर पंधरामधल्या त्या क्लासात देविका वयानं सगळ्यांत मोठी होती. बाकीची मुलं नोकरीसाठी कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं, शिकत होती. ती वडिलांचं एक ड्रॉइंग घेऊन आली होती.

विश्वासरावांनी एका कारखान्यात तीस वर्षं पेन्सिलीनं यंत्रांचे भाग रेखाटले. मेंदूतल्या गाठीनं त्यांचं बोलणं नेलं, त्यानंतर त्यांनी काढलेली शेवटची गोष्ट म्हणजे बायकोसाठी खोवणी. गुडघ्यांमुळे तिला विळीवर बसवत नव्हतं. ही ओट्याच्या कडेला आवळायची, आणि उभ्यानं हँडल फिरवून नारळ खोवायचा. वर्कशॉपवाल्याला मात्र कॉम्प्युटरवरची फाइल हवी होती.

ड्रॉइंगमध्ये हँडल डावीकडे होतं. देविकानं तेव्हाच म्हटलं होतं, "बाबा, उलटं झालंय हो," आणि लाल बॉलपेननं उजवीकडे बाण काढला होता. त्यांनी नकारार्थी मान हलवली. स्वतःच्या डाव्या हातावर पेन्सिल दोनदा टेकवली. हात दुखत असेल, असं समजून तिनं बाम चोळला. त्यानंतर त्यांनी पेन्सिल उचलली नाही. त्यांचं डोकं तेव्हाच गेलं होतं का, हा प्रश्न ते वारल्यापासून वर्षभर तिच्याबरोबर घरात वावरत होता.

सहा शनिवार तिनं एकेक भाग बनवला. सातव्या शनिवारी जोडणी होती.

"पहला पार्ट सोच के डालना, मॅम," शिकवणारी निधी म्हणाली. "वही हिलेगा नहीं. बाकी सब उसी पे बैठेगा."

देविकानं आधी ओट्याला आवळायचा भाग ठेवला, त्यावर दांडी, दांडीला दातेरी पातं. हँडल उजवीकडे. माउसनं फिरवलं तर अर्ध्यावर ते आवळायच्या स्क्रूला अडलं आणि पडद्यावर लाल झालं.

"ड्रॉइंग में तो लेफ्ट है," निधी म्हणाली.

"वो गलती है. पापा बीमार थे."

निधीनं कागद जवळ ओढला. एकेका मापावरून बोट फिरवलं. "एक भी नाप गलत नहीं है, मॅम. राइट में तो अंकल ने जगह ही नहीं छोड़ी."

घरी आल्यावर देविकानं लॅपटॉप ओट्यावर ठेवून आईला चित्र दाखवलं. पद्मजाबाईंनी चष्मा वर केला.

"हँडल इकडे? मग मी फिरवू कशी?"

"उजव्या हातानं."

"छे. जोर आहे का त्या हातात? मी डावखुरी ना."

"तू? तू तर सगळं उजव्यानं करतेस."

"सासूबाईंनी लावलेली सवय. डाव्या हातानं वाढलेलं चालायचं नाही. मग लिहिणं, लाटणं, सगळंच उजव्यावर आलं." त्यांनी डावा हात उघडमीट करून पाहिला. "पण घट्ट झाकण उघडायचं तर हाच. बरणी तुझे बाबा माझ्या डावीकडेच ठेवायचे, पाहिलं नाहीस कधी?"

देविकानं ते चाळीस वर्षं पाहिलं होतं.

तिनं हँडल काढून डावीकडे बसवलं आणि फिरवलं. पूर्ण फेरा झाला. कुठे अडलं नाही.

"एवढं भरभर नाही गं फिरवायचं," आई म्हणाली. "करवंटीचा काळा भाग येतो खोबऱ्यात."

"बरं."

आई चहा ठेवायला वळली. वर्कशॉपला फाइलबरोबर मूळ कागदाचा फोटोही पाठवायचा होता. देविकानं बाबांच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि लाल बाण खोडू लागली. बॉलपेन जाईना, कागद मात्र विरळ होत चालला. बाणाला लागूनच त्यांची पेन्सिलीची बारीक, सरळ रेघ होती. ती पुसली जाण्याआधी देविका थांबली.

"साखर किती घालू?" आईनं विचारलं.

तिनं बाणासकट फोटो काढला.