घोट्याभोवतीची नागीण

पाचव्या सकाळी रेघ घोट्याचं हाड ओलांडून मागच्या शिरेपर्यंत पोचली. भागीरथा पराते यांनी तिच्या टोकाशी बॉलपेनने पाचवी खूण केली, पेन चष्म्याच्या डबीत ठेवला आणि पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतला.

थायलंडहून परत येऊन दोन आठवडे झाले होते. आधी तळव्याच्या कडेला एक पुरळ उठलं. डास चावला असेल म्हणून त्यांनी खोबरेल लावलं. मग पुरळातून रेघ निघाली. शिवणाच्या दोऱ्याएवढी, लाल, किंचित उचललेली, नागमोडी. खाज अशी की पाय पायरीच्या कडेवर घासावासा वाटे. आणि रेघ वाढत होती.

खुणा करायची सवय माहेरची. पाचपावलीच्या विणकर वस्तीत वडील मागावरून उठताना कापडाच्या काठाला गेरूचं बोट लावत. दुसऱ्या दिवशी तिथून मोजायचं, काल किती विणलं. माग मोडीत निघून चाळीस वर्षं झाली, तरी वाढणारी गोष्ट दिसली की भागीरथाबाईंचा हात खुणेकडे जाई.

शेजारच्या शामलाबाईंनी तिसऱ्या दिवशी पाय पाहिला आणि हातातली भाजी खाली ठेवली.

"बाई वं, हे तर नागीण होय!"

"नागीण कमरेले होते ना?"

"तिले काय पत्ता विचारून यायचं राहते? कुठं बी निघते. फक्त तोंड शेपटीले लागू नको देजो. वेढा पुरा झाला की माणूस जाते."

त्यांनीच गेरू उगाळून आणला आणि रेघेवर जाड थापला. त्यानंतरच्या दोन खुणा भागीरथाबाईंनी गेरू धुऊन, टोक पाहून केल्या आणि पुन्हा गेरू लावला. आज तोंड आणि शेपटी यांच्यात चार बोटं उरली होती. रोजची चाल बोटभर. हिशेब सोपा होता.

घरात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सून अंजू हिने थायलंडच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताच सांगितलं होतं, "आई, चप्पल काढू नका. इथं कुत्री फिरून राहिली." ती नारळपाणी आणायला वळली आणि भागीरथाबाईंनी चपला हातात घेतल्या. वयाची त्रेसष्ट वर्षं झाली होती आणि समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. ओली वाळू पायाखाली दबत होती, लाट आली की पुन्हा सपाट होत होती. त्या किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या.

डिसेंबरात अंजू आणि मुलगा भूपेश त्यांना अंदमानला नेणार होते. त्यांचे यजमान बाबनराव मात्र आधीपासूनच नाराज. कळमन्याच्या बाजार समितीतून निवृत्त झालेल्या माणसाला पाण्यात पाहण्यासारखं काही वाटत नव्हतं. "समुद्र पाहून काय करतं? अंबाझरी तलावावर जा, तिथं बी पाणीच आहे." पायाची गोष्ट कळली असती तर अंदमान तिथेच संपलं असतं. मरायचंच असेल तर सांगून काय फायदा, आणि जगायचं असेल तर समुद्र का सोडा, असं भागीरथाबाईंनी मनाशी ठरवलं होतं.

घात केला गेरूनेच. ओल्या पायाने त्या न्हाणीतून देवघराकडे गेल्या आणि पांढऱ्या फरशीवर एकाच पायाचे लाल ठसे उमटले. अंजू त्या ठशांमागून आली.

"आई, पाय दाखवा."

"काही नाही वं."

"दाखवा म्हटलं ना!"

आवाज ऐकून बाबनराव पेपर घेऊनच आले. लुगड्याचा काठ वर झाला, सगळी हकिकत बाहेर आली. फक्त वाळूची तेवढी आतच राहिली.

"पाच दिवसांपासून नागीण घेऊन फिरून राहिली अन् मले सांगत नाही? काहून?" बाबनरावांचा आवाज चढला होता, पण पेपर टाकून ते दाराकडे निघाले होते. त्यांनी स्वतःच रिक्षा आणली.

धंतोलीतल्या त्वचेच्या डॉक्टर मिनल चाळिशीच्या होत्या. त्यांनी ओल्या कापसाने गेरू पुसला आणि थांबल्या.

"या निळ्या खुणा कोणी केल्या?"

"मीच," भागीरथाबाई चोरी पकडल्यासारख्या म्हणाल्या.

"रोज एक?"

"रोज. सकाळी, आंघोळीच्या आधी."

डॉक्टरांनी पट्टी लावली. बारा मिलिमीटर, चौदा, तेरा, चौदा. त्यांचा चेहरा खुलला. "आजी, पेशंट असे आले तर माझं अर्धं काम कमी होईल. नागीण अशी रोज बोटभर चालत नाही. तिला फोड येतात. हा चालणारा प्राणी आहे. समुद्रावर अनवाणी फिरलात?"

भागीरथाबाईंनी एकदा अंजूकडे पाहिलं.

"फिरली," भागीरथाबाई म्हणाल्या. "या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आई!" अंजूने कपाळाला हात लावला.

"कुत्र्यांच्या पोटातला जंत," डॉक्टर सांगू लागल्या. "त्यांच्या विष्ठेतून वाळूत येतो, त्याची अळी पायातून कातडीत शिरते. माणसात तिला पुढची वाट सापडत नाही, म्हणून कातडीतच भटकते."

बाबनरावांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच जीभ सुटली. "म्हणजे त्यानं हिले कुत्रं समजलं?"

"भुंकते कोण, हे त्याले माहीत नव्हतं ना," भागीरथाबाई म्हणाल्या. डॉक्टर औषध लिहिता लिहिता हसल्या.

"अन् तोंड शेपटीले लागलं तर?"

"रेघेला रेघ मिळेल, आजी. आणखी काही नाही. खऱ्या नागिणीनेसुद्धा वेढा पुरा झाला म्हणून कोणी जात नाही. गोळी एकच आहे, तिने अळी मरेल."

बाबनराव उठता उठता थांबले. "डॉक्टर, हिले पुन्हा समुद्रावर न्यावं का?"

भागीरथाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"न्या ना. फक्त पायात चप्पल हवी. वाळूवर बसायचं तर खाली चटई."

सहावी खूण पाचवीपासून अर्ध्या बोटावर पडली. सातवी सहावीवरच बसली. आठव्या सकाळी भागीरथाबाईंनी पेन हातात घेतला, पाहिलं आणि टोपण लावून ठेवून दिला. खाजही गेली होती. शामलाबाई येऊन म्हणाल्या, "पाहा, माझ्या गेरूनंच उतरली." भागीरथाबाईंनी होकार दिला आणि चहा टाकला.

संध्याकाळी बाबनराव बाजारातून खोकं घेऊन आले. आत रबरी सँडल होते, घोट्याभोवती पट्टा आवळून बांधायचे. दोन जोड.

"दुसरा कोणाचा?"

"माझा. तू पुन्हा काढून पळाली तर पकडाले कोण जाईल?"

त्यांनी खाली बसून बायकोच्या पायाला स्वतः पट्टा आवळला. तो बरोबर निळ्या खुणांवर बसला.

"घट्ट झाला का वं?" त्यांनी विचारलं.

भागीरथाबाईंनी पाय हलवून पाहिला. "नाही, बरोबर आहे. अंजू वं, तिकिटं काढली का?"