चंचल आली होती

चिंधा जागा झाला तो पेन शोधतच. उशाखाली नव्हतं, खिडकीत नव्हतं. शेवटी बायकोच्या, उषाबाईच्या, काजळाच्या डबीत बोट बुडवून त्याने भिंतीवर लिहिलं, चारशे सत्तेचाळीस.

पांडेसऱ्याच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमधली रात्रपाळी करून तो सकाळी भेस्तानच्या खोलीवर येई आणि दुपारभर झोपे. खिडकीला डागी साडीचा पडदा होता. त्यातून ऊन जांभळं होऊन आत उतरे आणि त्या जांभळ्या उजेडात चिंधाला भरभरून स्वप्नं पडत. स्वप्नाचा आकडा काढण्यात त्याचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. साप दिसला की सात, वरात दिसली की दोन, आणि काहीच दिसलं नाही तर शून्य होतंच. पूर्वी तो फक्त पगाराच्या दिवशी मटका लावायचा. आता रोज चारच्या आत मटका घेणाऱ्या दगाकडे आकडा गेला नाही, तर त्याला घास गिळवत नसे. आकडा चुकला की म्हणायचा, स्वप्न खरंच होतं, मीच वाचायला चुकलो.

उषाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"आज पक्का शे," चिंधा म्हणाला. "सपनमा चंचल उनी व्हती."

तिचे हात थांबले. त्यांची चंचल सहा वर्षांची असताना तापाने गेली, त्याला नऊ वर्षं झाली. आईच्या स्वप्नात ती एकदाही आली नव्हती. उषाबाईने त्यासाठी उपास केले, तिचा फ्रॉक उशाशी घेऊनही झोपून पाहिलं.

"कशी दिसे? हासत व्हती?"

"कापडना ताकावर बसेल व्हती. त्यावर खडूघाई लॉट नंबर लिहेल व्हता."

"तिनं तोंड कसं व्हतं?"

चिंधा सांगायला गेला. गुंडाळलेल्या कापडाचा ताका आठवला, खडूची अक्षरं आठवली, पहिल्या चारची पुसट शेपटीसुद्धा आठवली. तिथून त्याने नजर वर न्यायचा प्रयत्न केला, तर वर नुसता जांभळा उजेड होता.

"काय बोलनी ती?"

"काहीतरी बोलनी. मी नंबर वाचत व्हतू."

उषाबाईने सूप बाजूला ठेवलं. ती उठली, पडदा नीट ओढला, उशी थोपटली. चिंधाच्या हातात फोन होता. पावणेचार झाले होते.

"परत निजा," ती म्हणाली. "आते तिनाकडे देखा. मन्हासाठे."

तो आडवा झाला. उषाबाई उशाशी बसली आणि तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने डोळे मिटून लेकीला मनातल्या मनात हाक मारली. आधी चार आला. त्याने तो बाजूला सारला, तर सात आला. चंचलचे केस, कान, पडलेला दात, एकेक आठवायला गेला की त्या जागी आकडा येऊन बसे. चिंधाला भीती वाटली.

"उनी का?" उषाबाईने हळूच विचारलं.

फोन वाजू लागला. दगाच असणार. चिंधाने डोळे उघडले नाहीत.

"उषा," तो म्हणाला, "माले आकडाच दिसतस वं."