चौथी यादी

"यातली कोणती घ्यायची, ते मला नाही सांगता येणार, काकू." श्रेयानं सात कागद टेबलावर पसरले. "प्रोग्रॅम इथंच थांबतो."

रत्नमालाबाईंनी चष्मा पुसला. पाण्याच्या टाकीवरच्या कचेरीत बसून टँकरच्या फेऱ्या लावण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. शहर फुलंब्रीच्या अंगानं वाढत गेलेलं, नळ मागंच राहिलेले, आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. त्यांची पुतणी श्रेया विद्यापीठात क्वांटम शोधपद्धतीवर संशोधन करत होती. खरं क्वांटम यंत्र तिच्याकडे नव्हतं, त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम होता. टँकर लाखो तऱ्हांनी फिरवता येतात. साधं यंत्र एकेक तऱ्हा तपासत बसतं. हिची रीत बाईंनी आपल्यापुरती सुपावरून समजून घेतली होती. सगळं एकदम पाखडायचं, दर झोक्याला कोंडा पुढं सरतो, दाणा मागं जमतो. आणि वेळीच थांबायचं, नाहीतर दाणेही सांडतात. श्रेयानं हे वहीत लिहून घेतलं होतं.

पण दाणे सात उरले होते. डिझेल कमी लागावं, बायकांना ताटकळावं लागू नये, सगळ्यांना सारखं पाणी मिळावं, हे तिन्ही एका यादीत बसेना. एक सुधारावं तर दुसरं बिघडे.

"सातही आपापल्या जागी बरोबर आहेत. निवडायचं माणसानं," श्रेया म्हणाली.

बाईंनी चौथ्या यादीवर बोट ठेवलं. "हिच्यात डिझेल कमी आहे."

ते खोटं नव्हतं. पण बोट आधी गेलं होतं ते त्यांच्या स्वतःच्या गल्लीच्या ओळीवर. सकाळी सहा. पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत, आणि शिळ्या पाण्यानं देवाला न्हाऊ घालायचं त्यांच्या जिवावर येई. मेंढवाडी वस्तीच्या ओळीत दुपारी तीन होतं. तेही त्यांनी वाचलं होतं.

महिनाभर जो येईल त्याला त्या सांगत राहिल्या, कंप्युटरनं काढलंय. क्वांटम म्हटलं की माणसं गप्प होत. एकटा ड्रायव्हर अंगद किल्ली घेताना म्हणाला, "कंप्युटर तुमच्याच गल्लीत ऱ्हातो का काय, मॅडम?" सगळे हसले. त्याही हसल्या. त्या संध्याकाळी पोथीतली एकच ओळ त्यांनी तीनदा वाचली.

मग एक दिवस मेंढवाडीची पारूबाई आली. मेंढ्या विकून शहराच्या कडेला राहायला आलेली, फ्लॅटमधली धुणीभांडी करणारी म्हातारी. भांडायला आली नव्हती. आत येऊन तिनं आधी कंप्युटरला हात जोडले. तीनच्या टँकरपायी आपलं दोन घरांचं काम सुटलं, सुनेचंही एक सुटलं, असं हळू आवाजात सांगितलं.

"त्याची काय चूक नसन," ती म्हणाली. "त्याला कोण आपलं, कोण परकं. तरी इचारते ताई, त्याला अर्ज चालतो का?"

बाईंनी उठून माठातलं पाणी ग्लासात भरलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"पारूबाई, त्यानं नाही ठरवलं. सात याद्या होत्या. ही मी निवडली."

"कामून?"

यावर डिझेलचं सांगता आलं असतं. ते ओठापर्यंत आलंही.

"माझ्या गल्लीत हिच्यात सकाळी सहाला पाणी येतं. पूजेच्या आधी."

पारूबाईनं पदर सारखा केला.

"सोमवार आमीबी धरतो, ताई."

बाईंची मान वर झाली नाही. उद्यापासून यातली वेगळी यादी लावते, मेंढवाडीला सकाळी सातला टँकर येईल, आमच्याकडं दुपारी, असं त्या कागदाकडं बघतच म्हणाल्या. पारूबाई "बरं" म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

ग्लास तसाच भरलेला होता. तिनं टेबलावरची चहाची बशी उचलली, पदरानं पुसली, आणि पाण्यात धूळ पडू नये म्हणून ग्लासावर नीट झाकून ठेवली.