साळूबाईचं एकच गाणं

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी वहिदा कामावर आली, तेव्हा संस्थेतल्या लोकांना वाटलं, पोरगी मोठी खंबीर आहे. खंबीर वगैरे ती काही नव्हती. घरी बसून काही होत नव्हतं आणि इथं बसूनही काही होणार नव्हतं, एवढंच. घरी भेटायला आलेल्या बायका तिला जवळ घेऊन म्हणाल्या होत्या, "रो ले बेटा, जी हलका होता." तिनं मान हलवली आणि उठून त्यांच्याच कपबश्या विसळायला घेतल्या. तिचे अब्बा, मुबारकसर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. तेही रडले नव्हते. दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि भाजीत मीठ नाही हे दोघांच्याही लक्षात यायचं नाही.

त्र्याऐंशी साल होतं. बायकांची गाणी गोळा करणारी ती औरंगाबादेतली दोन खोल्यांची संस्था. ती चालवणारे नानासाहेब मूळचे प्राध्यापक. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते गावोगाव हिंडायचे. एम.ए. झालेली वहिदा त्या टेपा ऐकून गाणी कार्डावर उतरवायची. कार्डावर आधी गाव, मग गाणारीचं नाव आणि त्याखाली प्रकार. ओवी, पाळणा, हळदीचं गाणं, भुलाबाईचं गाणं असे अकरा प्रकार नानासाहेबांनी ठरवले होते आणि भिंतीजवळच्या कपाटाला अकराच खण करून घेतले होते. "प्रकार कळला की गाणं निम्मं कळलं," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे.

आई जाऊन दोन महिने झाले असतील. वहिदाच्या टेबलावर देवगाव रंगारीची टेप आली. डबीवर नानासाहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: साळूबाई, वय साठच्या पुढे, पाळणा. तिनं हेडफोन कानाला लावला.

*नीज माझ्या राजा, उन्हं गेली माळापार*
*आता नको उठू, लावलं मी दार*

तिनं टेप मागं नेली. पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. पाळणा म्हणताना हात झोका देत असतो, तो आवाजात उतरतो. इथं तो नव्हता. बाई एक ओळ म्हणायची, थांबायची, दुसरी म्हणायची. आवाज सपाट, जमिनीसारखा. वहिदाला तो ओळखीचा वाटला. दोन महिने ती स्वतः याच आवाजात दूधवाल्याशी, शेजारणींशी, अब्बांशी बोलत होती.

ती नानासाहेबांच्या खोलीत गेली. "सर, हा पाळणा नाही."

"मग काय आहे?"

"मेलेल्या मुलासाठी म्हटलंय हे. 'आता नको उठू' बघा ना. शोकगीतात जायला हवं."

नानासाहेबांनी चष्मा काढला. "वहिदाबाई, सगळ्याच आया लेकराला 'उठू नको' म्हणतात. तुमची मनःस्थिती सध्या..." आणि ते अर्ध्यातच थांबले.

"माझ्या मनाला काही झालेलं नाही," वहिदा म्हणाली. ते खरंच होतं.

शेवटी विचारूनच येऊ, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं देवगावला गेली. थंडीचे दिवस होते. साळूबाई अंगणात उन्हाला बसून बोंडातला कापूस काढत होती. तिनं दोघांना पोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा कापसाला हात घातला.

नानासाहेबांनी विचारलं, "साळूबाई, त्या दिवशी तुम्ही गाणं म्हटलंत, ते पाळण्याचंच ना?"

"व्हय. बन्सीला म्हणायची. माझं थोरलं लेकरू."

"आणि कुणी मेल्यावर नाही म्हणत ते?" वहिदानं विचारलं.

म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं. "म्हणलं ना. चार वरसाचा व्हता, तापानं गेला. मांडीवर घेऊन तेच म्हणलं. दुसरं येतच नव्हतं मला. मायीनं एकच शिकिवलं. मंग निंदायला गेले की तेच, दळाया बसले की तेच."

"म्हणजे चार प्रकारांत येतं," नानासाहेब स्वतःशीच पुटपुटले.

वहिदा थोडी पुढं सरकली. "पण टेपवर म्हणताना तुमच्या मनात बन्सीच होता ना? आवाज तसा लागलाय."

साळूबाई हसली. "तवा? तवा कुणी बी नव्हतं मनात. सरांनी त्ये डबडं तोंडापुढं धरलं, म्हणले म्हणा, मी म्हणलं. लेकरू नाय, जातं नाय, मयत नाय. तवा ते कशाचंच नव्हतं."

नानासाहेबांनी वही मिटली. वहिदा पोत्याचे दोरे ओढत राहिली. त्या आवाजात तिला जे ऐकू आलं होतं, ते त्यात नव्हतंच.

"तुझा आवाज असा का गं माय?" साळूबाईनं मधेच विचारलं.

"आई गेली माझी. दोन महिने झाले."

"रडलीस?"

"नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि बोंडांची पाटी तिच्याकडं सरकवली. "धर. बस यायला येळ हाय अजून."

वहिदा बोंडं सोलू लागली. टोकं बोटांना लागत होती. थोड्या वेळानं हाताच्या नादात साळूबाई गुणगुणायला लागली. तेच गाणं, पण आता ते खालीवर होत होतं, 'राजा' लांबत होता, आवाज 'दार'वर येऊन टेकत होता. नानासाहेबांनी घाईघाईनं यंत्राचं बटण दाबलं. खट् असा आवाज झाला. साळूबाईनं मान वर केली, पाठ ताठ केली आणि राहिलेली ओळ त्या पहिल्या सपाट आवाजात म्हणून टाकली. "झालं का?" तिनं विचारलं.

"झालं," नानासाहेब म्हणाले.

साळूबाईचं कार्ड बरेच दिवस वहिदाच्या टेबलावर पडून राहिलं. प्रकाराची जागा तिनं कोरी ठेवली होती आणि नानासाहेबांनीही ती भरली नाही. पुढच्या साली संग्रह छापायला गेला. पुस्तकाला विभाग लागतात, म्हणून ते गाणं पाळण्यांमध्ये घातलं गेलं. वहिदानंच प्रूफ तपासलं. 'माळापार'मधला राहिलेला काना लावला आणि पान पुढं पाठवलं.

पुस्तकाची एक प्रत तिनं घरी आणली. अब्बा दुपारभर खुर्चीत बसून ते वाचत होते. ती चहा घेऊन गेली तेव्हा पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं होतं आणि बोट त्या दोन ओळींवर होतं.

"ये लोरी है?" त्यांनी विचारलं.

"तसं छापलंय, अब्बा."

"तुझी अम्मी..." ते म्हणाले. दीड वर्षात त्यांच्या डोळ्यांत तिनं पाणी पाहिलं नव्हतं. आता ते हुंदके देऊन रडत होते, लहान पोरासारखे. चष्मा खाली पडला होता.

वहिदानं चहा खाली ठेवला. चष्मा उचलून खिडकीत ठेवला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते थांबेपर्यंत ठेवूनच राहिली. स्वतःच्या आत काही हलतंय का, हे तिनं एकदा पाहिलं. नव्हतं हलत. मग चहा गार झाला होता म्हणून ती कप घेऊन आत गेली आणि नवीन आधण ठेवलं.