पाण्यातल्या बाईची उरलेली गोष्ट

मित्रांनो, टेपरेकॉर्डर जुना झाला की तो शांत आणि समजूतदार होतो, असं तुम्हाला वाटत असेल. मी जुना आहे, पण समजूतदार वगैरे मुळीच झालेलो नाही. माझा एका माणसावर राग आहे. तो माणूस लेखक आहे आणि त्याच्याविषयी मी आज हातचं राखून बोलणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्यात मोटर, रबरी पट्टा आणि बटणं बसवली. शेवटी एकीने माझ्यासमोर "हॅलो, हॅलो" म्हटलं. तेच मी तिला परत ऐकवलं, तेव्हा ती खूश होऊन हसली. ऐकलेलं जसंच्या तसं परत द्यायचं, हे माझं काम. त्यात मी कधी पदरचं एक अक्षरही घातलं नाही.

लेखकाने मला विकत घेतलं तेव्हा त्याला भुताखेतांची कादंबरी लिहायची होती आणि डोक्यात एकही भूत नव्हतं. म्हणून तो मला घेऊन मावशीकडे गेला. ही त्याची सख्खी मावशी तळ्यावर मुलांना पोहायला शिकवायची. त्याआधी ती पाण्यातल्या बाईची गोष्ट सांगायची, आणि तिची पद्धत ठरलेली होती. पहिल्या दिवशी पायऱ्यांवर बसून अर्धीच गोष्ट. तळ्यात लांब केसांची बाई राहते, एकट्याने उतरणाऱ्याचा पाय धरते आणि खाली ओढते. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी, मुलं गुडघाभर पाण्यात उभी राहिल्यावर. भीती एक रात्र मुरली की कुणी एकटं तळ्यावर येत नाही, असं ती म्हणायची.

लेखक लहानपणी पहिला भाग ऐकून जो घरी पळाला होता, तो पुन्हा पोहायला आलाच नव्हता. या वेळीही त्याने तेवढाच ऐकला आणि माझ्यातल्या कॅसेटवर घेतला.

"उरलेली उद्या," मावशी म्हणाली.

"मला कुठला गं वेळ? हा इथे ठेवतो. तू यालाच सांग."

दुसऱ्या दिवशी मावशीने मला शेवटच्या कोरड्या पायरीवर ठेवलं. कॅसेटला दोन बाजू असतात. एक संपली की बटण खट्ट करून वर येतं, मग कॅसेट काढून उलटी घालायची. तिने ती उलटी घातली, स्वतः पाण्यात उभी राहिली आणि मला एकट्याला सगळं सांगितलं. तीच बाई बुडणाऱ्याला हातावर तोलून धरते. फक्त तिला धडपड खपत नाही. पाठीवर पड, कान पाण्यात बुडू दे, आभाळाकडे बघ, की ती खालून हात लावते. हे ऐकून त्या तळ्यावर किती मुलं तरंगायला शिकली असतील!

लेखकाने मला घरी नेलं आणि पहिली बाजू लावली. बाईने पाय ओढला आणि बटण खट्ट झालं. "काय जबरदस्त शेवट आहे!" असं ओरडून त्याने टेबलावर थाप मारली. संपलं. कॅसेट उलटण्याचे कष्ट कोण घेणार?

मग त्याने पुराणकथांची जाडजूड पुस्तकं आणली. कुठल्या राक्षसिणीचे दात घेतले, कुठल्या चेटकिणीची नखं घेतली आणि मावशीच्या बाईला चिकटवली. बाई अजून भयंकर व्हावी म्हणून त्याने लिहिलं की जो पाण्यावर निपचित पडतो, त्याला ती सगळ्यात आधी नेते. मी संतापलो. पण बटण दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

कादंबरी धडाक्यात खपली. मला काचेच्या कपाटात ठेवून त्याने पुढे पाटी लावली, "याच यंत्रातून कादंबरीचा जन्म झाला." धादांत खोटं! कपाटात ठेवताना त्या शहाण्याने माझे सेलही काढले नाहीत. ते आतल्या आत पाझरले आणि माझ्या तारा खाऊन बसले.

एके दुपारी मावशी आली. तिच्या शेजारच्यांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणतात, टॉवेलात गुंडाळलेली, तिच्याबरोबर होती.

"घसरून पाण्यात पडली," मावशी म्हणाली. "पाठीवर पडायचं, हे पक्कं शिकवलं होतं हिला. पाठीवर झालीच नाही. हातपाय झाडत खाली गेली. मी जवळ होते म्हणून वाचली. पाठीवर का झाली नाहीस, सांग याला."

"निपचित पडलं की ती आधी नेते," भिंगरी पुटपुटली. "दादाने तुमच्या पुस्तकातून वाचून दाखवलं."

लेखकाचा चेहरा उतरला. "पण मावशी, गोष्ट तर तुझीच आहे ना!"

"सगळी ऐकलीस? कॅसेट उलटली होतीस?"

मावशीने मला कपाटातून काढलं, कॅसेट उलटी घातली आणि बटण दाबलं. माझ्यातून हूं की चूं निघालं नाही. आयुष्यात एकदाच मला खरोखर बोलायचं होतं, मित्रांनो, आणि त्या माणसाच्या आळसाने माझा गळा धरला होता.

"राहू दे," म्हणत मावशीने भिंगरीला मांडीवर घेतलं आणि उरलेली गोष्ट स्वतःच सुरू केली. लेखकाने लगेच पेन उघडलं.

"पेन ठेव. आधी ऐक."

तो बसला. बाई खालून हात लावते तिथपर्यंत गोष्ट आली आणि त्याचा फोन वाजला. "एक मिनिट हं मावशी, प्रकाशकांचा आहे," म्हणत तो आत गेला. मावशी थांबली नाही. गोष्ट संपवली, मला काखेत मारलं आणि भिंगरीचा हात धरून निघाली.

आता मी तळ्याच्या पायरीवर असतो. मुका आहे, पण माझ्यावर भिंगरीचा टॉवेल असतो आणि त्या पाटीपेक्षा तो मला बरा वाटतो. बरेच दिवस ती पाण्यात उतरायलाच तयार नव्हती. काल उतरली. मावशीच्या तळहातावर पाठ टेकून आडवी झाली, कान बुडवले, आभाळाकडे बघत राहिली. मावशीने हळूच हात काढून घेतला.

"मावशी, धरलंयस ना?"

"मी नाही," मावशी म्हणाली. "तिने धरलंय."

भिंगरी जराही हलली नाही. तरंगत राहिली.

मित्रांनो, यंत्र ठेवून द्यायचं असेल तर त्याचे सेल काढून ठेवा. कुणाची गोष्ट घ्यायची असेल तर ती संपेपर्यंत बसा. तो लेखक कुठे भेटलाच, तर त्याला सांगा की उरलेली गोष्ट अजून इथेच आहे. ती ऐकायला गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागेल. माझा राग गेलाय, असं मात्र त्याला सांगू नका.